न्यूमोनियानंतरची घरपोच परिचर्या: फोंड्यातील एका सेवेचा अनुभव

न्यूमोनियाचा रुग्ण घरी आला म्हणजे दुखणे सरले, असे आपण पटकन मानतो. खरे तर डिस्चार्जनंतरचे पहिले 30 दिवस जपण्याचे असतात. अमेरिकेत या मुदतीत फेरदाखल होणाऱ्या न्यूमोनिया रुग्णांचे प्रमाण जास्त असलेल्या रुग्णालयांना ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातून मिळणारी रक्कम 2012 पासून कापली जाते. माझ्या सासूबाईंचे वय 78, जोडीला मधुमेह आणि अशक्त हृदय. म्हणजे फेरदाखल होण्याच्या धोक्याची मुख्य कारणे त्यांच्यात होतीच. म्हणून आम्ही फोंड्यातील एका खासगी संस्थेची परिचारिका दिवसपाळीला ठेवली.

तिने आल्याआल्या डिस्चार्ज कार्ड आणि जुनी चिठ्ठी शेजारी ठेवून एकेक गोळी ताडून पाहिली. अंगातले पाणी कमी करणारी, रोजची गोळी नव्या कार्डावर नव्हतीच. डॉक्टरांना फोन केल्यावर ती पुन्हा सुरू झाली. न्यूमोनियानंतर फेरदाखल होणाऱ्या अनेकांना छातीतला संसर्ग नव्हे, तर हृदयाचा किंवा श्वासाचा जुना विकार परत रुग्णालयात नेतो, हे ठाऊक असल्यास त्या फोनचे मोल कळावे. त्याच कारणाने ती रोज न्याहारीपूर्वी वजन घेई. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढणे म्हणजे अंगात पाणी साचू लागल्याची खूण. केवळ ऑक्सिमीटरवर न विसंबता, श्वासही ती घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजी.

आडव्या पडलेल्या आजारी माणसाला चमच्याने पेज पाजण्याची आमच्याकडची रीत तिने पहिल्याच दिवशी थांबवली. सासूबाईंना ताठ बसवून, घोट लहान ठेवून, आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ न देता ती पेज देई, कारण ठसका लागून अन्न श्वासनलिकेत गेले, तर फुप्फुसाला पुन्हा संसर्ग होऊ शकतो. फ्लू आणि न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा एक जंतू) यांच्या लसींविषयी डॉक्टरांना विचारण्याची आठवणही तिनेच केली.

उणीव मात्र मोठी आहे. रविवारी बदली म्हणून आलेल्या मुलीला रुग्णाची काहीच माहिती दिलेली नव्हती. वजनाची वही आणि गोळ्यांचा डबा आम्हीच तिच्यापुढे ठेवला. एवढ्या नाजूक काळात हे चालण्यासारखे नाही. ही सेवा मी निःसंकोच सुचवेन, पण पैसे ठरवण्याआधी सुट्टीच्या दिवशी कोण येणार आणि तिला रुग्णाची माहिती कोण देणार, हे संस्थेकडून लिहून घ्यावे.