जिबचा फर्लर बसवून घेताय? आधी हे वाचा

14 फुटी शिडाची होडी एकट्याने चालवायची, तर वारा वाढल्यावर पुढे रांगत जाऊन जिब (पुढचं तिकोनी शीड) उतरवणं हा मोठा ताप. रोलर फर्लर (शीड गुंडाळायचं यंत्र) असला की खाली ड्रम, वर स्विव्हल (फिरता सांधा). मागे बसून दोरी ओढली की जिब आपोआप गुंडाळली जाते. पुण्यात हे काम करणारा माणूस सहजी सापडत नाही, आणि नेमक्या याच गरजेवर काही लोक टपलेले असतात.

मला भेटलेले गृहस्थ बोलायला साखर. ‘इम्पोर्टेड किट, फिटिंगसकट 32 हजार.’ त्यातले 20 हजार आधी, यूपीआयने. खात्यावर नाव भलत्याचंच. बिल ‘नंतर पाठवतो’. कोथरूडला सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत येऊन त्यांनी काम केलं. माझा स्टेनलेसचा चांगला फोरस्टे (डोलकाठीला पुढून धरणारी तार) ‘आता लागत नाही, पण मापाला नेतो’ म्हणून काढून नेला आणि त्याजागी प्लास्टिक चढवलेली तार लावली. प्लास्टिकमुळे म्हणे शीड घासत नाही! मग प्रात्यक्षिक. वारा शून्य, हॅल्यार्ड (शीड वर चढवायची दोरी) सैल. जिब इतकी सुबक गुंडाळली गेली की वॉचमनकाका म्हणाले, ‘पडद्यासारखं जातंय की!’ उरलेले 12 हजार तिथेच दिले.

मुळशीला पाण्यावर हॅल्यार्ड ताणला, वारा भरला आणि फर्लरची दोरी ओढली. ड्रम फिरला, खालची जिब गुंडाळली. वरची तशीच उघडी. तारेला नुसता पीळ बसत गेला आणि वरच्या भागाची पिशवी होऊन फडफडायला लागली. तार ताणून डोलकाठी मागे कललेली दिसत होती. वाऱ्याकडे तोंड करून सगळं खाली घेतलं आणि वल्ह्यांनी काठ गाठला.

भोसरीतल्या ओळखीच्या लेथवाल्याने स्विव्हल उघडला. आत बेअरिंगच नाही, नायलॉनचा बुश. ताण आला की तो धरून बसतो. ‘साहेब, हा बाल्कनीच्या शेडचा माल आहे,’ तो म्हणाला. तारेचं प्लास्टिक सोललं, तर आत गॅल्व्हनाइज्ड तार, कापलेल्या टोकाला तांबूस गंज. गुंडाळलेल्या शिडाला उन्हापासून वाचवणारं यूव्ही कापड म्हणून शिवलेली पट्टी छत्रीच्या कापडाची निघाली, आणि तीही गुंडाळल्यावर आत जाणाऱ्या बाजूला!

तेव्हा चाचणी घ्यायची ती हॅल्यार्ड पूर्ण ताणून, जिबमध्ये वारा असताना. स्विव्हल डोळ्यांदेखत उघडून दाखवायला सांगा. काचकूच करणाऱ्याला तिथूनच नमस्कार. आणि फोरस्टे काढायचा म्हणाला, तर सावध. छोट्या होडीच्या साध्या फर्लरमध्ये जिबची तार वेगळी असते. डोलकाठी पेलायला फोरस्टे जागेवरच राहतो. पन्हळीवाल्या प्रकारात (शीड पन्हळीत सरकवतात तो) तो पन्हळीच्या आत असतोच. जुनी तार, जुने शॅकल (जोडकड्या) कोणाच्याही हाती देऊ नका. माझ्या मते त्याची खरी कमाई तिथेच आहे.

त्या गृहस्थाचं फोन उचलणं अर्थातच बंद झालं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पुढे जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत 2 वर्षांची. बिल नसलं तरी पैसे पाठवल्याची नोंद आणि मेसेज जपून ठेवलेत.

त्याची जाहिरात अजून चालू आहे. फोटोत निळी होडी आणि ठिगळ लावलेली जिब दिसली, तर ती माझी.