घरभाडं एकट्याच्या नावावर, दोघांच्या, की बायकोच्या? टॅक्ससाठी काय बरं पडतं

नवरा 30 टक्के स्लॅबमध्ये, बायकोला इन्कम नाही किंवा अगदी कमी, आणि एक फ्लॅट भाड्याने दिलेला. अशा घरांत बरेच जण भाडं सरळ बायकोच्या खात्यात घेतात आणि तिच्या रिटर्नमध्ये दाखवून मोकळे होतात. हे चालत नाही हो. भाडं कोणाच्या खात्यात येतं याला अर्थ नाही, घर कोणाचं आणि त्यात पैसा कोणाचा गेला हे बघतात.

फरक किती पडतो बघा. महिना 40,000 म्हणजे वर्षाला 4,80,000, त्यातून 30 टक्के स्टँडर्ड डिडक्शन गेलं (हे नव्या टॅक्स रिजीममध्येही मिळतं) की उरले 3,36,000. मालकाने भरलेला महापालिकेचा टॅक्स आधी वजा होतो, तो इथे धरला नाहीये. एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल तर सेससकट 1,04,832 टॅक्स, आणि खरोखर निम्मं निम्मं असेल तर बायकोच्या वाट्याला येणारे 1,68,000 करपात्रच होत नाहीत, म्हणजे दरवर्षी 52,000 च्या वर वाचतात.

पण "खरोखर" हा शब्द महत्त्वाचा. आयकर कायदा सांगतो की घरातले हिस्से ठरलेले असतील तर ज्याचा त्याचा टॅक्स वेगळा. फक्त खरेदीच्या अॅग्रीमेंटवर बायकोचं नाव टाकलं आणि डाउन पेमेंट, ईएमआय सगळं नवऱ्याने भरलं, तर तिच्या हिश्श्याचं भाडंसुद्धा फिरून नवऱ्याच्याच इन्कममध्ये येतं. तिच्या हिश्श्यासाठी तिचा स्वतःचा पगार, स्त्रीधन, माहेरून मिळालेले पैसे हे चालतं. सासू-सासऱ्यांनी सुनेला दिलेल्या पैशातून घेतलं तर मात्र ते इन्कम देणाऱ्याच्या नावावर क्लब होतं, म्हणजे त्याच्याच इन्कममध्ये मिळवलं जातं, हे खूप जणांना माहीतच नसतं.

आता गिफ्ट डीड, म्हणजे बक्षीसपत्र. महाराष्ट्रात निवासी घर बायकोला गिफ्ट करायला स्टॅम्प ड्युटी 200 रुपये, त्यामुळे मोह होतो. पण आयकर कायद्याप्रमाणे मोबदला न घेता बायकोला दिलेल्या घराचा मालक टॅक्सपुरता नवराच धरला जातो. वारसा, सुरक्षितता यासाठी गिफ्ट करायचंय तर जरूर करा, टॅक्ससाठी उपयोग शून्य. हां, तिने ते भाडं साठवून एफडी केली तर त्या एफडीचं व्याज तिचं धरलं जातं, हळूहळू का होईना फायदा होतो.

तिसरा रस्ता म्हणजे बायकोला घर घ्यायला रीतसर कर्ज द्यायचं, लेखी करार, वाजवी व्याज, आणि ते व्याज ती दर वर्षी बँकेतून खरंच देते असं दिसलं पाहिजे. घर तिचं, भाडं तिचं, नवऱ्याला फक्त मिळालेल्या व्याजावर टॅक्स, आणि तिला ते व्याज भाड्यातून वजा मिळतं. कागद सांभाळायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

माझं मत विचाराल तर बायको कमावती असेल किंवा तिचे स्वतःचे पैसे असतील तर जॉइंटच घ्या, हिस्सा खरेदीखतातच टक्क्यांत लिहा, ईएमआय दोघांच्या खात्यातून त्याच प्रमाणात जाऊ द्या, आणि लीव्ह अँड लायसन्सवर (भाडेकरारावर) दोघांची नावं घालून भाडंही तसंच वेगवेगळं घ्या. फ्लॅट आधीच एकट्याच्या नावावर आणि त्याच्याच पैशाचा असेल तर भाडं त्याच्याच रिटर्नमध्ये दाखवा, वाटणीचा विचार पुढच्या खरेदीच्या वेळी करा.