रिकाम्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क करकरते तेव्हा: थांबावं, काही बंद करावं, की एसएसडी घ्यावी?

कॉम्प्युटर चालू आहे, समोर कुणी बसलेलं नाही, एकही प्रोग्राम उघडा नाही. तरी हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतो आणि आतून बारीक करकर ऐकू येते. माउसला हात लावला की ती थांबते. अशा वेळी पहिला संशय व्हायरसचा येतो आणि दुसरा डिस्क जाणार असल्याचा. विचारायला गेलं तर कुणी सर्व्हिसेस बंद करायला सांगतो, कुणी फॉरमॅट मारायला, कुणी रॅम वाढवायला, तर कुणी सरळ एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) टाकायला. यातला प्रत्येक उपाय कुठे ना कुठे बरोबर आहे, पण कारणं वेगळी असल्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. विंडोज ज्यांच्या फिरत्या हार्ड डिस्कवर आहे, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून ही तुलना केली आहे.

दिवा की आवाज?

निर्णयाआधी एक गोष्ट पाहायची आणि तिला पैसे लागत नाहीत. कॅबिनेटवरचा किंवा लॅपटॉपवरचा दिवा साधारणपणे तेव्हाच लुकलुकतो, जेव्हा कॉम्प्युटर डिस्कशी बोलत असतो. दिवा लुकलुकतोय आणि आवाजही येतोय, तर काम विंडोजने किंवा एखाद्या प्रोग्रामने दिलेलं आहे आणि ते कुणी दिलं हे सापडतं. दिवा शांत आहे आणि तरी डिस्क गुरगुरते, तर डिस्क स्वतःचं काहीतरी करते आहे. ते टास्क मॅनेजरमध्ये दिसणार नाही, कितीही शोधलं तरी.

दिवा लुकलुकत असेल तर स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधून उघडा, 'डिस्क' या टॅबवर जा आणि 'टोटल' या रकान्यावर क्लिक करून यादी मोठ्याकडून लहानाकडे लावा. मग माउस-कीबोर्डला हात न लावता लांबून बघत बसा. हे महत्त्वाचं आहे. विंडोजची पुष्कळशी कामं वापरणारा उठून गेल्यावर सुरू होतात आणि तो परतला की आवरती घेतली जातात. म्हणूनच शोधायला गेलं की काही दिसत नाही आणि संशय वाढत जातो. रिसोर्स मॉनिटर आधीच उघडा ठेवला तर प्रोसेसचं नावही दिसतं आणि ती कुठली फाइल वाचते-लिहिते तेही.

टास्क मॅनेजरमधल्या 'डिस्क १००%' या आकड्याने घाबरू नका. डिस्क भरली असा त्याचा अर्थ नाही, डिस्क किती वेळ कामात गुंतली होती ते तो सांगतो. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास ११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद जातात. त्यात डोकं सरकवायचे दहा-बारा मिलिसेकंद मिळवा. विखुरलेल्या बारीक फाइली वाचायच्या असतील तर सेकंदाला साठेकच वाचनं होतात. प्रत्येक वाचन ४ केबीचं धरलं तर डिस्क पूर्ण वेळ राबूनही सेकंदाला जेमतेम २४० केबी माहिती हाती येते. शंभर टक्के व्यग्र आणि वेग नगण्य, हे फिरत्या डिस्कचं नेहमीचं चित्र आहे.

पहिला पर्याय: चालू ठेवा आणि काम संपू द्या

हा सर्वांत स्वस्त पर्याय आणि बहुतेकांसाठी बरोबर. यादीत नावं कोणती दिसतात बघा. 'MsMpEng.exe' (टास्क मॅनेजरमध्ये 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल') म्हणजे विंडोजचा स्वतःचा डिफेंडर, तो फाइली तपासतोय. 'TiWorker.exe' ('विंडोज मॉड्युल्स इन्स्टॉलर वर्कर') म्हणजे अपडेट बसतंय. 'SearchIndexer.exe' म्हणजे सर्च इंडेक्सर, तो फाइलींची सूची करतोय. डिफ्रॅगही (फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणं) ठरल्याप्रमाणे आठवड्याला एकदा होतं.

विंडोज १० मध्ये या देखभालीची ठरलेली वेळ रात्री २ ची असते. आपल्याकडे मात्र रात्री मशीन बंद करून भिंतीवरचं बटणही बंद करायची पद्धत आहे. त्यामुळे रात्रीचं काम रात्री होतच नाही, ते तुंबतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला उठलात की विंडोजला मोकळीक मिळते आणि डिस्क धावू लागते. परत येऊन तुम्ही काम अर्ध्यात तोडता, ते पुन्हा तुंबतं. लॅपटॉपवर हे काम चार्जर लावलेला असतानाच होत असल्यामुळे, बॅटरीवर शांत असणारी डिस्क चार्जर लावला की करकरायला लागते.

यावर उपाय साधा आहे. एखाद्या रात्री चार्जर लावून, झाकण उघडं ठेवून आणि स्लीपची सेटिंग तेवढ्यापुरती बंद करून मशीन चालू राहू द्या. मोठं अपडेट झालं असेल किंवा लग्नाच्या फोटोंचं अख्खं फोल्डर नुकतंच कॉपी केलं असेल, तर दोन रात्री द्या. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि वीज जायची धास्ती असेल, तर हेच दिवसा, घरात कुणी असताना करा. त्यानंतर आवाज पुष्कळ कमी झाला, तर विषय इथेच मिटला.

दुसरा पर्याय: सर्व्हिसेस बंद करणं

सर्वांत जास्त सुचवला जाणारा हा पर्याय मला सर्वांत कमी पटतो. यूट्यूबवर 'सिसमेन बंद करा, विंडोज सर्च बंद करा' असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत आणि ते केल्यावर आवाज खरोखर थांबतो. पण त्याची किंमत कुणी सांगत नाही.

सिसमेन म्हणजे व्हिस्टाच्या काळात आलेलं सुपरफेच. तुम्ही नेहमी उघडता ते प्रोग्राम आधीच रॅममध्ये आणून ठेवणं हे त्याचं काम, आणि त्याचा खरा फायदा संथ हार्ड डिस्कवरच होतो. शिवाय विंडोज १० पासून रॅममधला मजकूर दाबून कमी जागेत बसवण्याचं कामही याच सर्व्हिसच्या हाताखाली चालतं. ४ जीबी रॅमच्या मशीनवर ती बंद केली, तर रॅम लवकर भरते आणि विंडोज डिस्कवरच्या पेज फाइलकडे (रॅममध्ये न मावणारा मजकूर ठेवायची जागा) धाव घेतं. म्हणजे रिकाम्या वेळची करकर थांबवून कामाच्या वेळची वाढवली.

सर्चचं तसं नाही, तिथे मधला मार्ग आहे. कंट्रोल पॅनेलमधल्या 'इंडेक्सिंग ऑप्शन्स'मध्ये जाऊन फोटो, व्हिडिओ आणि जुन्या बॅकअपची फोल्डर्स वगळा. सूची छोटी होते, शोधही चालू राहतो. डिफेंडर आणि अपडेट मात्र आवाजासाठी कधीही बंद करू नका. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात, तिथे तर नाहीच नाही.

एक अपवाद सांगायला हवा. यादीत अनोळखी नावाची प्रोसेस आहे, ती तुमच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइलींमागून फाइली वाचून पुन्हा लिहिते आहे आणि फाइलींची एक्स्टेन्शन्स बदललेली दिसताहेत, तर ते रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) असू शकतं. नेटची वायर काढा, वायफाय बंद करा आणि मशीन जाणत्या माणसाच्या हाती द्या.

तिसरा आणि चौथा: रॅम की एसएसडी?

पैसे खर्च करायचे ठरलं की गाडी इथे अडते. दोन्ही एकदम घेणं जमतंच असं नाही.

रॅम कमी पडतेय का, हे रिसोर्स मॉनिटरच्या 'मेमरी' टॅबवर कळतं. तिथे 'हार्ड फॉल्ट्स' नावाचा आलेख आहे. प्रोग्राम उघडताना तो उसळणं स्वाभाविक आहे. पण ब्राउझर नुसता मागे उघडा असताना, कुणी काही करत नसताना तो सतत उंचच राहिला, तर रॅममध्ये न मावलेला मजकूर डिस्कवरून पुन्हापुन्हा आणला जातोय. ४ जीबीच्या मशीनवर हे दिसलं तर ८ जीबीने फरक पडतो. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की केलेली असते, ते आधी बघा. ८ जीबी आधीच असेल आणि आलेख शांत असेल, तर आणखी रॅम घालून रिकाम्या वेळची करकर जाणार नाही.

एसएसडीची बाजू वेगळी आहे. तीही रिकाम्या वेळी काम करतेच, सूची, तपासणी, अपडेट सगळं तसंच चालतं. पण डोकं सरकवणं नाही, तबकडी फिरण्याची वाट पाहणं नाही. फिरती डिस्क जिथे सेकंदाला साठ-सत्तर विखुरलेली वाचनं करते, तिथे साटा या नेहमीच्या जोडणीची साधी एसएसडीही हजारोंच्या घरात असते. तासाचं काम मिनिटांवर येतं आणि आवाज तर नसतोच. जुन्या लॅपटॉपचा साटा वेग कमी असला तरी हा फरक उरतो, कारण अडचण सलग वेगाची नाही, विखुरलेल्या वाचनांची आहे.

'एवढं सतत लिहून एसएसडी झिजणार नाही का?' हा प्रश्न हमखास येतो. हिशेब करून बघा. सॅमसंगच्या ८७० इव्होच्या ५०० जीबीच्या मॉडेलला कंपनी ३०० टीबी लिखाणाची हमी देते. रोज २० जीबी लिहिलं तरी वर्षाला सव्वासात टीबी होतात, म्हणजे त्या मर्यादेला पोचायला चाळीसेक वर्षं.

माझं मत स्पष्ट आहे. विंडोज फिरत्या डिस्कवर असेल आणि एकाच गोष्टीपुरते पैसे असतील, तर आधी एसएसडी घ्या. ४ जीबी रॅम असली तरीही, कारण पेज फाइलसुद्धा मग वेगवान डिस्कवर येते.

लिनक्स?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सगळे इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. त्यामुळे विंडोज काढून लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकण्याचा पर्याय आता गंभीरपणे घ्यावा लागतो. मराठी टायपिंग तिथे उत्तम चालतं. पण रिकाम्या वेळची कामं तिथेही आहेत: केडीई या लिनक्स डेस्कटॉपमध्ये बलू आणि नोम या डेस्कटॉपमध्ये ट्रॅकर (आता नाव लोकलसर्च) सूची करतात, शिवाय फाइलींची यादी करणारं अपडेटडीबी. निव्वळ आवाजासाठी लिनक्स घेऊ नका. टॅली किंवा श्रीलिपीवर रोजचा धंदा असेल, तर आहे तिथेच राहणं शहाणपणाचं.

दिवा शांत, आवाज मात्र चालू

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. डिस्क स्वतःच काम करत असेल तर त्यात दोन टोकं आहेत.

एक निरुपद्रवी. बऱ्याच डिस्क मोकळ्या वेळी आपला पृष्ठभाग स्वतः तपासतात. एसएमआर पद्धतीच्या डिस्कमध्ये माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, म्हणून मधला एक बदलायचा तर पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. डिस्क नवी माहिती आधी वेगळ्या जागी ठेवते आणि मोकळ्या वेळी नीट लावते. शेकडो जीबी कॉपी केल्यावर ती बराच वेळ गुरगुरत राहिली, तर तिला वीज मिळू द्या.

दुसरं टोक धोक्याचं. ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज, रिसोर्स मॉनिटरमध्ये वेग नगण्य पण 'रिस्पॉन्स टाइम' हजार मिलिसेकंदांच्या वर, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्क' या नावाखाली ७ क्रमांकाची नोंद. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाकून स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) माहिती बघा. तिथले क्रमांक हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून, लिहिलेले असतात. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचताना अडलेले सेक्टर. सी५ शून्य नसेल किंवा ०५ आठवड्या-आठवड्याला वाढत असेल, तर वर दिलेले सगळे पर्याय बाजूला ठेवा.

अशा डिस्कवर डिफ्रॅग करायचं नाही, पूर्ण स्कॅन लावायचा नाही, चेकडिस्कही (विंडोजची डिस्कमधल्या चुका शोधणारी तपासणी) आधी चालवायचं नाही. हे सगळे प्रकार डिस्कला कोपरान्‌कोपरा वाचायला लावतात आणि ते तिला सोसत नाही. आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी: घराची-जमिनीची स्कॅन केलेली कागदपत्रं, मुलांचे फोटो, हिशेबाच्या फाइली, या क्रमाने. सिनेमे आणि गाणी शेवटी. एखादी फाइल अडली तर तिच्यावर अडून न बसता पुढे जा. क्लोन (डिस्कची हुबेहूब नक्कल) करून जुनं विंडोज आहे तसं नव्या एसएसडीवर नेण्याचा मोहही इथे टाळा. विंडोज कोरं टाका आणि वाचवलेल्या फाइली त्यावर आणा. डिस्क धडधाकट असेल तेव्हा मात्र क्लोन हाच सोपा मार्ग आहे: एसएसडी यूएसबीच्या केबलला जोडायची, रात्रभर क्लोन होऊ द्यायचं आणि सकाळी अदलाबदल करायची. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असेल, तर ती काढून त्या जागी कॅडीमध्ये (डीव्हीडी ड्राइव्हच्या आकाराची चौकट) जुनी हार्ड डिस्क बसवता येते, आणि ती नुसती साठवणीसाठी वापरता येते.