ताईच्या साठीला केक नको, प्वार बेल एलेन

ताईला केक आवडत नाही. त्यामुळे तिची साठी पॅरिसमध्ये करायचं ठरलं तेव्हा मेणबत्ती कशात खोचायची याचं उत्तर तिनेच दिलं: नासपतीत. म्हणजे 'प्वार बेल एलेन'मध्ये: पाकात शिजवलेली नासपती, व्हॅनिला आइस्क्रीम आणि गरम चॉकलेट सॉस. तिचा वाढदिवस १७ डिसेंबरचा. १८६४ साली याच तारखेला बुलव्हार मोंमार्त्रवरच्या तेआत्र दे व्हारिएतेमध्ये संगीतकार ऑफेनबाखच्या 'ला बेल एलेन' या ऑपेरेटाचा (हलक्याफुलक्या संगीतिकेचा) पहिला प्रयोग झाला आणि त्यावरूनच या गोड पदार्थाला नाव मिळालं. पदार्थाचं श्रेय बहुतेक जण प्रसिद्ध फ्रेंच शेफ एस्कोफिएला देतात. मला ते पटत नाही. एस्कोफिएचा जन्म १८४६ चा, म्हणजे त्या वर्षी तो जेमतेम अठराचा शिकाऊ पोरगा.

ते थिएटर आजही चालू आहे. तिथून पाच मिनिटांवरच्या एका छोट्या बिस्त्रोत आम्ही गेलो. आठ-दहा टेबलं, खडूने लिहिलेला फळा, आणि पदार्थाच्या नावापुढे छपराचं झाकण असलेल्या पातेल्याचं चित्र. फ्रान्समध्ये ही 'फे मेझों'ची खूण, म्हणजे पदार्थ तिथेच, कच्च्या मालापासून केलेला. ही खूण दिसली की मी निर्धास्त होते, कारण डब्यातली नासपती खाऊन माझा अनेकदा विरस झाला आहे: अर्ध्या फोडी, देठ नाही, नुसता गोड भुसा.

इथे नासपती अख्खी आली, देठासकट. सुरीचं टोक लोण्यात जावं तसं आत गेलं, पण फळाने आकार सोडला नव्हता. हे साधणं सोपं नाही. फळ थोडं टणक असतानाच घ्यावं लागतं, साखरेचा पाक उकळू न देता नुसता थरथरता ठेवावा लागतो, वर कागदाची चकती ठेवून फळ बुडवून ठेवावं लागतं आणि नंतर त्याच पाकात निवू द्यावं लागतं. तेवढा धीर इथल्या स्वयंपाकघराने धरला होता. पाकात लिंबाची साल होती, गरात शेवटपर्यंत ती जाणवत राहिली. व्हॅनिला आइस्क्रीममध्ये शेंगेचे काळे कण दिसत होते.

चॉकलेट सॉस वेगळ्या किटलीत, वाफाळता. "थांब गं, मीच ओतते," म्हणत ताईने हात पुढे केला. गरम, कडवट, दाट सॉस देठावरून घरंगळत खाली आला, आइस्क्रीमला टेकताच कडेने घट्ट झाला, आणि आम्ही दोघी बोलायच्या थांबलो. सॉस स्वयंपाकघरातूनच ओतून आणला तर हा क्षण हुकतो आणि पदार्थ निम्मा होतो. माझं हे मत पक्कं आहे.

तक्रार एकच, फेटलेल्या सायीचा डोंगर. नासपतीची एक बाजू त्याखाली दडली होती. त्याजागी जुन्या पद्धतीप्रमाणे साखरेत मुरवलेली व्हायोलेटची दोन फुलं असती तर मी जास्त खूश झाले असते. सायीशिवाय मागितलं तर देतात, हे शेजारच्या टेबलावर पाहिलं.

किंमत १२ युरो, सेवा धरून. मेणबत्ती त्यांनीच आणली, त्याचे पैसे लावले नाहीत. टेबल राखतानाच नासपतीही सांगून ठेवा. आमच्यानंतर आलेल्या चौघांना ती संपल्याचं सांगितलं गेलं.