उबुंटूवर एरियल: मूळ फॉन्ट की लिबरेशन?

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या कार्यालयात संगणकांवर उबुंटू ही लिनक्स कार्यप्रणाली बसवल्यावर पहिली अडचण आली ती फॉन्टची, कारण बाहेरून येणारी दरपत्रके बहुधा एरियल किंवा टाइम्स न्यू रोमनमध्ये असतात. मायक्रोसॉफ्टचे मूळ फॉन्ट हवे असतील, तर उबुंटूच्या मल्टिव्हर्स या सॉफ्टवेअर-भांडारातले इन्स्टॉलर पॅकेज घ्यावे लागते. ते आधी परवान्याच्या अटी मान्य करून घेते आणि मगच फाइल इंटरनेटवरून उतरवते, त्यामुळे ऐन वेळी जोडणी तुटली की फॉन्ट येत नाहीत. शिवाय हा संच जुना असल्याने त्यात मायक्रोसॉफ्टचाच नंतरचा कॅलिब्री हा फॉन्ट नाही.

या मूळ फॉन्टना पर्याय म्हणून लिबरेशन फॉन्ट रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००७ मध्ये मुक्त परवान्याखाली आणले. त्यांची वळणे निराळी असली, तरी प्रत्येक अक्षराची रुंदी मूळ फॉन्टइतकीच ठेवलेली आहे. एक दरपत्रक दोन्हींत छापून मी कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात पाहिले, तेव्हा ओळी तंतोतंत जुळल्या; फरक दिसला तो लिबरेशनमधल्या 1 या इंग्रजी अंकाच्या पायाशी असलेल्या आडव्या रेघेचा. कॅलिब्रीसाठी असाच कार्लिटो हा मुक्त फॉन्ट आहे.

रोजच्या कामाला मी लिबरेशनच निवडेन. छापखान्याने एरियलचाच आग्रह धरला, तर मूळ संच घ्यावा. देवनागरी मात्र दोन्हींत नाही, म्हणून मंगल या मायक्रोसॉफ्टच्या देवनागरी फॉन्टमधला मराठी मजकूर पीडीएफ करूनच मागवावा.