शिष्यवृत्तीच्या नावाखाली आईच्या नावावर कर्ज : ॲनिमेशन प्रशिक्षणातील फसवणुकीचा अनुभव

बारावीनंतर ॲनिमेशन, व्हीएफएक्स (चित्रपटातील दृश्यांवर संगणकाने केले जाणारे काम) किंवा ग्राफिक डिझाइन शिकण्याची इच्छा आहे, पण फी भरण्याची घरची ऐपत नाही, अशा मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी सावध व्हावे म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. सोलापुरातील आमच्या वस्तीत ही फसवणूक एकट्या माझी झाली नाही. माझ्यासोबत प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी आज कर्जाचा तगादा आहे.

माझी आई विड्या वळते आणि आमच्या आसपासच्या बहुतेक घरांतील बायकांचे हेच काम आहे. त्यांतल्या अनेकजणी घरी तेलुगू बोलतात, मराठी जेमतेम वाचतात आणि बँकेच्या कागदावर दाखवतील तिथे सही करतात. २०२५ च्या जूनमध्ये एका खासगी प्रशिक्षण संस्थेने वस्तीतील समाजमंदिरात मार्गदर्शन शिबिर घेतले, तेव्हा या बायकाच मोठ्या संख्येने मुलांना घेऊन गेल्या होत्या. फलकावर स्किल इंडियाचे बोधचिन्ह होते. अभ्यासक्रमाची मूळ फी ९० हजार रुपये असली तरी गरीब घरातील मुलांसाठी कंपन्यांच्या सामाजिक निधीतून ती पूर्ण माफ होते, आपण फक्त अडीच हजार रुपये नोंदणी शुल्क भरायचे आणि शेवटी शंभर टक्के नोकरी मिळणार, असे काउन्सेलरने सर्वांसमोर सांगितले. जातीचा दाखला आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला त्यांनी आवर्जून मागितला. त्या दोन दाखल्यांमुळेच आमच्या घरच्यांचा विश्वास बसला, कारण सरकारी शिष्यवृत्तीसाठी हेच दाखले लागतात हे सर्वांना ठाऊक होते. पुढे प्रत्यक्षात जे केले गेले, त्यासाठी या दाखल्यांचा काडीचाही उपयोग नव्हता.

प्रवेशाच्या दिवशी त्यांनी आईचे आधार कार्ड, पॅन कार्ड आणि पासबुक घेतले, तिचा फोटो मोबाइलवर काढला आणि तिच्या नावाने एक नवा ईमेल पत्ता तयार केला. त्या पत्त्याचा पासवर्ड आम्हाला कधीच दिला नाही. मग काउन्सेलर तिला म्हणाला, “मावशी, मोबाइलवर सहा आकडे आले असतील, ते सांगा. पोरीची शिष्यवृत्ती मंजूर होतेय.” असे आकडे तिच्याकडून लागोपाठ काही वेळा विचारून घेतले गेले. त्यांपैकी एकाने कर्जाच्या करारावर तिची डिजिटल सही झाली आणि दुसऱ्याने तिच्या खात्यातून दरमहा आपोआप हप्ता कापण्याची परवानगी दिली गेली. ज्या खात्यात तिची विड्यांची मजुरी जमा होते, तेच हे खाते. कर्जाची रक्कम एका वित्त कंपनीकडून थेट संस्थेला गेली आणि कराराचे इंग्रजी कागद त्या नव्या ईमेलवर पडून राहिले. पुढच्या महिन्यात पासबुक भरून आणले तेव्हा खात्यातून पैसे वजा झालेले दिसले. संस्थेत विचारल्यावर ही तांत्रिक चूक असून रक्कम परत येईल, असे सांगण्यात आले. त्यानंतरच्या हप्त्याला खात्यात पुरेसे पैसे नव्हते, त्यामुळे हप्ता परत गेला आणि त्याचा दंडही आईलाच बसला.

रिझर्व्ह बँकेचे नियम याबाबत स्पष्ट आहेत आणि ते प्रत्येक पालकाला माहीत असायला हवेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या वैयक्तिक मुदत कर्जासाठी, एकूण वार्षिक खर्चाचा दर आणि सर्व शुल्के दाखवणारे मुख्य तथ्य विवरण कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावे लागते, त्यातील मजकूर त्याला समजावून सांगावा लागतो आणि तो समजल्याची पोचही घ्यावी लागते. मोबाइलवरून दिलेल्या कर्जात, ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च परत करून दंडाशिवाय बाहेर पडण्याची सोयही असते. आमच्या बाबतीत ईमेलच दुसऱ्याच्या हातात ठेवल्यामुळे ती मुदत सुरू कधी झाली आणि संपली कधी, हे आम्हाला कळलेच नाही. म्हणून जो अभ्यासक्रम मोफत असल्याचे सांगितले जाते, त्यासाठी कोणी ओटीपी मागितला, तर तो देण्याआधी तो संदेश दुसऱ्या जाणत्या माणसाकडून पूर्ण वाचून घ्यावा. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेतील प्रशिक्षणासाठी उमेदवाराला फी नसते, मग कर्जाचा प्रश्न येतोच कुठे?

प्रशिक्षणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. संगणक थोडे होते, त्यांवरील सॉफ्टवेअर चोरून बसवलेली होती आणि शिकवणारा मुलगा आधीच्याच बॅचमधला होता. इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येणारे व्हिडिओ तो पडद्यावर लावून द्यायचा.

खरे नुकसान त्यानंतर झाले आणि त्याबद्दल अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते. या क्षेत्रात नवख्या मुलांना पहिले काम बहुधा रोटोचे मिळते. चित्रीकरणातील माणूस किंवा वस्तू मागच्या दृश्यापासून फ्रेमगणिक, म्हणजे एकेका चित्रात, कापून वेगळी करणे म्हणजे रोटो. पुण्यातील एका स्टुडिओत मला चाचणीसाठी मोकळ्या केसांनी धावणाऱ्या मुलीचा शॉट देण्यात आला. संस्थेत शिकवल्याप्रमाणे मी तिच्या पूर्ण शरीराभोवती एकच आकार काढला आणि प्रत्येक फ्रेमवर तो सरकवत गेले. शॉट चालवून पाहिला तेव्हा तिच्या कडा सतत थरथरत होत्या. तिथल्या वरिष्ठांनी शेजारी बसून दाखवले की डोके, दंड, मनगट, मांडी, पोटरी यांचे आकार वेगवेगळे काढायचे, केसांच्या बटा शेवटी घ्यायच्या आणि हालचालीची दिशा जिथे बदलते तिथे आधी कीफ्रेम, म्हणजे आकाराची जागा पक्की करणारी फ्रेम, ठेवून मग मधले अंतर भरायचे. ही या कामाची बाराखडी आहे आणि संपूर्ण अभ्यासक्रमात ती आम्हाला कोणी सांगितली नव्हती.

नंतर त्यांनी विचारले, “बाळा, ही शोरील तू केलेली आहेस का?” शोरील म्हणजे आपल्या कामाचे नमुने जोडलेला छोटा व्हिडिओ. ती मी त्यांच्या संगणकावर प्रथमच पाहिली. संस्थेने परस्पर तयार करून माझ्या नावाने ती स्टुडिओला पाठवली होती, आणि नेमके तेच शॉट माझ्या बॅचमधील इतर मुलांच्या नावांवरही त्यांच्याकडे आले होते. ते काम कुठल्यातरी अनोळखी कलाकाराचे होते. या व्यवसायात प्रमाणपत्राला फारसे कोणी विचारत नाही, शोरील पाहूनच माणसाची पारख होते, आणि दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवणाऱ्याला पुन्हा दारात उभे करत नाहीत. त्या गृहस्थांनी माझे ऐकून घेतले हे त्यांचे मोठेपण. ज्या मुलांना न विचारताच नाकारले गेले, त्यांना आपण का नाकारले गेलो हे आजही माहीत नाही. कर्ज कधीतरी फिटेल, परंतु गरीब घरातील मुलाजवळ या क्षेत्रात शिरण्यासाठी स्वतःच्या नावाखेरीज काहीच नसते आणि या लोकांनी तेच डागाळले, याचा मला सर्वांत जास्त संताप येतो.

शिकायचे असेल तर मार्ग आहेत. आयटीआयमध्ये मल्टिमीडिया ॲनिमेशन अँड स्पेशल इफेक्ट्स हा एक वर्षाचा ट्रेड आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या प्रशिक्षण योजनांच्या जाहिराती त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर येतात, त्या तिथेच वाचाव्यात. एखादे केंद्र सरकारी योजनेत असल्याचा दावा करत असेल, तर स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी संकेतस्थळावर ते शोधून पाहावे. सॉफ्टवेअरपैकी ब्लेंडर पूर्णपणे मोफत आहे, दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती मिळते आणि स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या न्यूकची सरावापुरती आवृत्तीही विनाशुल्क आहे. त्यामुळे सॉफ्टवेअर महाग असते म्हणून फी मोठी आहे, हे कारण कोणी सांगितले तर ते ग्राह्य धरू नये.

जे आधीच अडकले आहेत त्यांना बँकेत जाऊन हप्ता कापण्याची परवानगी रद्द करता येते, पण त्यांनी केवळ तेवढे करून थांबू नये. हप्ते थकल्याची नोंद सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, होते आणि उद्या खऱ्या गरजेलाही कर्ज मिळत नाही. म्हणून वित्त कंपनीकडे लेखी तक्रार आधी करावी आणि तिची पोच जपून ठेवावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. आमच्या आयांसाठी विडी कामगार संघटनेतील एका ताईंनी हे सर्व अर्ज मराठीत लिहून दिले. शिबिराचे पत्रक, नोंदणी शुल्काची पावती, बँकेचे संदेश आणि काउन्सेलरचे व्हॉट्सॲपवरील बोलणे त्यांनी आमच्याकडून तारखांनुसार लावून घेतले, कारण तोंडी आश्वासनांचा पुरावा त्याच कागदांतून उभा राहिला. तूर्त आईचे हप्ते थांबवण्यात आले आहेत आणि संस्थेविरुद्धची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात प्रलंबित आहे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत फसवणूक घडल्यापासून २ वर्षांची असते आणि भरलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यासाठी कोणतेही शुल्क पडत नाही.