प्लगमधला वॅटमीटर : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात भुसावळात भर दुपारी दोन तास वीज गेली आणि ती परत आली तेव्हा प्लगमध्ये लावून उपकरण किती वीज घेते ते मोजणाऱ्या माझ्या वॅटमीटरवरची एकोणीस दिवसांची नोंद पुसली गेली होती. आकडे जपून ठेवणारी त्यातली बटणाएवढी बॅटरी आठ महिन्यांतच निकामी झाली. विक्रेत्याला तीनदा फोन केला. ‘बॅटरी वॉरंटीत येत नाही’ हेच उत्तर प्रत्येक वेळी मिळाले. जिथे उन्हाळ्यात वीज जाणे नित्याचे आहे, तिथे वीज जाताच हिशेब विसरणारे उपकरण विकणे मला मुळीच मान्य नाही.

तरीही मी ते टाकून दिलेले नाही. फोन काढून घेतल्यावर चार्जरचे बटण बंद करत नाहीत म्हणून मी मुलांवर रागवत असे आणि ती नासाडी आकड्यांत दाखवण्यासाठीच हे मीटर आणले होते. रिकाम्या चार्जरवर मीटरने शून्य दाखवले. इतक्या कमी वॅटवर स्वस्त मीटरचा भरवसा धरता येत नाही, म्हणून भार वाढवून फरक पाहण्यासाठी मी मीटरला जोडलेल्या त्याच बोर्डावर झिरोचा जुना बल्ब लावला. नाव झिरो असले तरी तो साधारण पंधरा वॅट घेतो. व्होल्टेज हलले की आकडाही हलतो, त्यामुळे रात्री अकरानंतर प्रत्येक मोजणी पाच वेळा केली. बल्ब एकटा १४.६; चार्जर जोडल्यावरही १४.६. मुलांवरचा माझा राग चुकीचा होता.

मग देवघरातील आईच्या मंत्रपेटीचा ९ व्होल्टचा जुना अ‍ॅडॉप्टर, पेटी बंद ठेवून, जोडला आणि आकडा थेट १७.० वर गेला. काहीही काम न करता २.४ वॅट, म्हणजे वर्षाला २१ युनिट! हा अ‍ॅडॉप्टर हाताला जड लागतो आणि कायम कोमट असतो, कारण आत लोखंडी पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर आहे; पेटी चालू असो वा नसो, त्याच्या पहिल्या गुंडाळीतून प्रवाह वाहतच राहतो. नव्या हलक्या अ‍ॅडॉप्टरमधील आयसी, म्हणजे वीज नियंत्रित करणारी छोटी चिप, मात्र भार नसताना बहुतांश वेळ थांबलेली असते.

नवा घेताना लेबलवर रोमन सहा, म्हणजे ‘VI’ हे वीजबचतीच्या पातळीचे चिन्ह शोधावे. अमेरिकेत २०१६ पासून लागू झालेल्या या पातळीनुसार ४९ वॅटपर्यंतच्या नेहमीच्या अ‍ॅडॉप्टरने रिकामा असताना ०.१ वॅटहून अधिक घेता कामा नये. व्होल्ट, अँपिअर आणि पिनेची धन-ऋण बाजू जुळवून घ्यावी. जुन्याच्या लेबलवर आउटपुट एसी (AC, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह) असेल तर बदलू नये. आमचा बदलला आणि बल्बसोबतचा आकडा पुन्हा १४.६ झाला.

मात्र रिमोटने बंद केलेला सेट-टॉप बॉक्स ९ वॅट घेतो, हे मला मागच्याच महिन्यात कळले. त्याचीच नोंद पुसली गेली. आता आई संध्याकाळी दिवा लावते तेव्हा मी मीटरवरचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवतो.